राजपुत्र कासूला अडकला

परीकथा रचणाऱ्या माणसाइतकं निष्ठुर जगात कुणी नसतं, हे माझं मत माझ्या मामेबहिणीमुळे झालं. तेव्हा ती नऊ वर्षांची होती. पेणला मामाच्या गणपतीच्या कारखान्यात, रंग न दिलेल्या मूर्तींच्या रांगेत पाट टाकून ती गोष्ट रचत बसायची. गोष्टीत घरातल्या सगळ्यांना काम मिळे, पण ते लेखिकेच्या मर्जीवर. मामीनं साय दिली नाही, त्या दिवशी राणीला मिशा फुटल्या. मामा म्हणाला, रंगाला हात लावू नकोस. लगेच राजवाडा गळायला लागला. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, चारचौघांत तोंड न उघडणारी. मला तिनं विहीर केलं. "लोक येऊन तुझ्यात बोलतात. तू नुसतं ऐकायचंस," ती म्हणाली. खरं सांगायचं तर मला ते काम आवडलं.

राजकन्येचं काम मात्र कधी दुसऱ्या कुणाकडे गेलं नाही. राजकन्या होती तिची आत्या, म्हणजे माझी धाकटी मावशी. मूर्तींचे डोळे तीच आखायची. ती ब्रश घेऊन बसली की आमची बडबडी लेखिका श्वास रोखून तिच्या पाठीला पाठ लावून बसे. त्या मावशीचं लग्न रोह्याला ठरलं, आणि गोष्टीतला राजपुत्र रोह्याहून निघाला.

निघाला, पण पोचेना. रोह्याच्या वेशीवरच्या अष्टमी गावात घोड्याचा नाल निखळला. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी चढलं. पेणच्या अलीकडे कासू स्टेशनला तर गाडीच्या क्रॉसिंगसाठी घोडा बाजूला घेतला, तो तिथंच उभा. इकडे साखरपुडा झाला, पत्रिका छापून आल्या, तरी राजपुत्र कासूलाच.

"अगो, सोड की त्याला!" मामी म्हणाली.

"सिग्नल नाय."

एका रविवारी खुद्द नवरामुलगाच आला. रंगाच्या डब्यांत मांडी घालून त्यानं सगळी गोष्ट ऐकली.

"राजपुत्राला उद्या फर्स्ट शिफ्ट हाय गो. लवकर पोचव ना."

"पोचला की आत्याला घेऊन जाणार ना?"

"व्हय."

"मग नाय पोचवत."

मावशी खाली मान घालून मूर्तीसमोर बसली होती, पण तिचा ब्रश थांबला होता. नवरामुलानं डोकं खाजवलं. "आणि दर गणपतीच्या आधी राजकन्येला इथं आणून सोडलं तर? सगळ्या मूर्तींचे डोळे होईपर्यंत?"

लेखिका विचार करून माझ्याकडे वळली. "विहिरी, ऐकलंस ना? साक्षीदार हायस तू."

"हो!" मी इतक्या मोठ्यानं म्हणाले की मामा बाहेरून डोकावला. कासूचा सिग्नल तत्काळ मिळाला.

पहिली काही वर्षं मावशी आली. मग तिची मुलं, त्यांच्या शाळा, सासूबाईंचं दुखणं. आता डोळे दुसरंच कुणी आखतं. मामेबहीण बारावीला आहे. मावशी अधूनमधून फोनवर विचारते, "पुढे काय झालं गो राजकन्येचं?" ही ऐटीत सांगते, "तू ये, मग सांगते."

परवा तिनं फोन ठेवल्यावर मीही विचारलं, "खरंच, काय झालं पुढे?"

"काय म्हायत," ती म्हणाली. "ती पाठीला असल्याबिगर सुचत नाय."