तात्यांच्या मेंदूचं वय

माझ्या मुलीनं बंगळुरूहून मेंदूला व्यायाम देणारं एक खेळणं पाठवलं. पाकिटासारखं उघडायचं, आत दोन छोटे पडदे. बेरजा करायच्या, चित्रं लक्षात ठेवायची, आणि शेवटी ते तुमच्या मेंदूचं वय सांगणार. मी त्रेसष्ट वर्षांचा. पहिल्याच दिवशी त्यानं मला अठ्ठ्याहत्तर सांगितलं. बारामतीच्या एका कॉलेजात मी ग्रंथपाल होतो, त्यामुळं अपमान नवे नव्हते. पण बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूनं केलेला हा पहिलाच. ते मिटून मी कपाटात टाकलं आणि असली खेळणी म्हणजे निव्वळ भोंदूगिरी, असं ठरवलं. अठ्ठेचाळीस सांगितलं असतं तर कदाचित ठरवलं नसतं.

कपाटातून ते निघालं तात्यांसाठी. तात्या म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. निरवांगीला असतात, वय एकोणसत्तर. ऊस सगळ्यांचाच असतो. तात्यांची ओळख माईकमुळं. आमच्याकडं लग्नात अक्षता पडण्याआधी मान्यवरांचं स्वागत होतं. आजी सरपंच, माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन, शिवाय पुढच्या निवडणुकीत पडणार असलेले. प्रत्येकाचं नाव माईकवर घ्यावंच लागतं. एखादं राहिलं तर तो माणूस न जेवता जातो आणि पुढं दहा वर्षं तेवढंच सांगत राहतो. तात्या हे काम चाळीस वर्षं हातात चिठ्ठी न घेता करत आले होते.

त्या हिवाळ्यात सांगवीच्या एका लग्नात त्यांनी एका गृहस्थांचं स्वागत त्यांच्या वडिलांच्या नावानं केलं. वडिलांना जाऊन पाच वर्षं झाली होती. गृहस्थ उठले, टॉवेल-टोपी घेतली आणि सरळ गाडीत जाऊन बसले.

मग तात्यांच्या पुतण्यानं तोंडावरच सांगितलं, "तात्या, वैशाखात माझ्या पोरीचं लगीन हाय. तितं तुमीच बोला. पण एक जरी नाव चुकलं, तर फुडं समदीकडं बारामतीचा निवेदक."

तात्या जेवताना नुसती नावं पुटपुटत असतात, असा वहिनींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, फोन आला.

मी खेळणं घेऊन निरवांगीला गेलो. त्यात थोडी माया होती, आणि एकोणसत्तरीच्या माणसाला ते किती सांगतं हे बघायची बरीचशी हौस. ब्याऐंशी सांगितलं. मला बरं वाटलं, आणि माझं अठ्ठ्याहत्तर मी लगेच सांगून टाकलं.

त्यात एक खेळ असा की, पडद्यावर एक घर दिसतं. माणसं भराभर आत शिरतात, काही बाहेर पडतात. शेवटी आत किती उरली ते सांगायचं. तात्यांनी मान वर केली.

"पाव्हणं, ही कुणाची माणसं?"

"कुणाची नाहीत, तात्या. नुसती मोजायची."

"आन् घर कुणाचं?"

"कुणाचंच नाही."

"मग ही आत शिरत्यात कशाला?"

मी पुढचा डाव लावून दिला. तात्या हट्टी. उसाला पाणी देऊन आले की ओसरीत ते उघडून बसायचे. तीन महिन्यांत मेंदूचं वय छत्तीसवर आलं. मीही माझं मत गुंडाळून ठेवलं आणि भेटेल त्याला छत्तीसचा आकडा सांगत सुटलो. वहिनी तेवढ्या कुरकुरल्या. "इंदापूरच्या बाजाराला जाणं सोडलं. कुणाच्या बारशाला न्हाय, कुणाच्या दहाव्याला न्हाय. सकाळधरनं त्यातच डोकं." मी म्हणालो, मेंदूला एकाग्रता लागते. असली वाक्यं ग्रंथपालांना फार पटकन सुचतात.

लग्न इंदापूरजवळच्या कार्यालयात होतं, मुहूर्त साडेबाराचा. फेटा बांधून तात्या माईकसमोर उभे राहिले. पहिली दहा-बारा नावं झरझर गेली. मग पुढच्या रांगेतल्या एका जाड्या गृहस्थांवर येऊन थांबली. ते नाव ऐकायच्या आधीच खुर्चीतून अर्धे उठले होते; आता धड बसता येईना, धड उभं राहता येईना. पुतण्यानं माझ्याकडं बघितलं. मी पंख्याकडं बघितलं.

"ह्यांचं नाव मला आठवंना," तात्या माईकमध्ये म्हणाले.

मागच्या रांगेतले लोक उठून बघू लागले.

"पण ह्यांच्या दारात दोन नारळ हायती. एकाला फळ धरत न्हाय, तरी ह्यांनी तोडला न्हाय, कारण तो आईनं लावलाय. थोरली लेक भिगवणला दिलीय. तिच्या लग्नात पाऊस आला, तवा ह्यांनी सवता ताडपत्री धरून वऱ्हाड जेवू घातलं. आन् हे लंगडत्यात ते आमच्या बैलानं मारल्यामुळं, पण चाळीस वर्षांत त्यांनी कदी बोलून दाखवलं न्हाय. आता तुमीच सांगा, कोण?"

सगळ्या मांडवानं नाव घेतलं. गृहस्थांनी मिळालेल्या टॉवेलानं तिथंच डोळे पुसले.

अडचण पुढं झाली. पुढच्या पाहुण्यांचं नाव तात्यांना बरोबर आठवलं. त्यांनी ते घेतलं, पण पाहुणे हलेनात.

"तात्या, आमचं नुसतं नावच व्हय? आमच्या दारात झाड न्हाय का?"

मग प्रत्येकाला झाड हवं होतं. साडेबाराच्या अक्षता पावणेदोनला पडल्या. गुरुजी घड्याळाकडं बघून थकले, नवरदेव खाली बसला.

जेवणं झाल्यावर पुतण्या आला. मी बारामतीच्या निवेदकाची वाट बघत होतो. तो म्हणाला, "तात्या, फुडल्या खेपेला नावं मी चिठ्ठीवर देतो. झाडं तुमी सांगा. पण पाचच जणांची."

"सात," तात्या म्हणाले.

खेळणं त्यांनी त्याच दिवशी मला परत केलं. "चांगलं हाय, पाव्हणं. पण त्या घरातलं एक माणूस सुदिक वळखीचं झालं न्हाय."

ते खेळावं का, असं लोक मला विचारतात. जरूर खेळावं, त्यानं माणूस त्या खेळात पटाईत होतो. तात्या आता पुन्हा इंदापूरच्या बाजाराला जातात, दर दहा पावलांवर थांबून कोण कुणाचा ते विचारतात, आणि पिशवी धरायला मी बरोबर असतो. पुढच्या लग्नातल्या सात जणांत माझंही नाव आहे म्हणे. मी बारामतीत दुसऱ्या मजल्यावर राहतो, दारात झाड नाही. माझ्याबद्दल ते काय सांगणार, याची मला थोडी काळजी आहे. बहुतेक अठ्ठ्याहत्तरचं सांगतील.