समुद्रफूल आणि नर्मदाकाकीची बादली

गेल्या शनिवारी सकाळी साडेसातला आमच्या शेजारची नर्मदाकाकी रिकामी बादली घेऊन दारात उभी राहिली. दिघीच्या धक्क्यावर तिच्या मुलाची मासेमारीची बोट सुटायच्या तयारीत होती... आणि काकी माझं समुद्रफूल परत न्यायला आली होती.

थोडं मागून सांगतो. महिन्यापूर्वी काकीच्या मुलाच्या जाळ्यात एक शंख आला, त्याला चिकटलेलं हे फूल. इंग्रजीत सी ॲनिमोन. दिसायला फूल, पण आहे प्राणी. माझ्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याचा टँक आहे, म्हणून काकीने ते मला आणून दिलं.

माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा. माशांचा कुठलाही कोर्स केलेला नाही. पण तीन फुटी टँक, पंप, लाइट... सगळं व्हिडिओ थांबवून थांबवून शिकलो आणि स्वतःच्या हाताने बसवलं. वहीत रोजची नोंद असते.

उकाडा वाढला म्हणून झाकण काढून पाण्यावर टेबल फॅन लावला. तापमान एकतीसवरून सत्तावीसवर आलं! फॅनमुळे रोज दोन लिटर पाणी उडायचं, तेवढंच मी समुद्राचं पाणी कापडातून गाळून घालायचो. समुद्र पाच मिनिटांवर असताना दुसरं कसलं पाणी घालणार?

पहिला आठवडा फूल मस्त फुललं. मग मिटत गेलं... तिसऱ्या आठवड्यात सुकलेल्या सुपारीएवढं झालं. लाइट बदलला, पंप फिरवला. कोलंबीचा तुकडा तोंडाशी धरला तर तोही टाकून दिला.

त्या रविवारी काकी बघायला आली. काचेच्या कडेला पांढरी पापडी धरली होती, तिकडे बघत राहिली. मग पाण्यात बोट बुडवून चाखलं आणि तोंड वाकडं केलं.

"ह्ये दर्याचं पानी न्हाय रं. मासे खारवायचं पानी हाय ह्ये."

"काकी, समुद्राचंच आहे. मी स्वतः आणतो."

"आनतोस, व्हय. पन पानी उडतं, मीठ कुठं उडतं? वर रोज नवीन मीठ घालतोस. घरात मिठागर केलंस की!"

स्वयंपाकघरातून आमच्या हिचं हसू ऐकू आलं.

जाता जाता काकी बजावून गेली, "पावसाळ्यातल्या मासेमारीच्या बंदीआधीची शेवटची बोट शनवारी हाय. तवर उघडलं न्हाय तर मी न्हेते, खोल पान्यात सोडाया."

खारटपणा मोजायचं मीटर कपाटात होतं. दोन वर्षांत एकदाच वापरलेलं... समुद्राचं पाणी काय मोजायचं, असा माझा तोरा! मोजलं. हवं १.०२६, माझ्या टँकमध्ये १.०३४.

एकदम गोडं पाणी ओतलं असतं तर धक्क्यानेच मेलं असतं. म्हणून रोज सहा लिटर खारं काढलं आणि तेवढंच फिल्टरचं गोडं पाणी सलाइनच्या नळीने थेंबथेंब सोडलं. उडालेल्या पाण्याच्या जागीही गोडंच. शुक्रवारी आकडा बरोबर १.०२६ वर आला.

फूल मात्र मिटलेलंच...

म्हणून शनिवारी बादली बघून म्हटलं, "काकी, लाइट लागू दे. मग ने." लाइट टायमरवर पावणेआठला लागतो. दोघं टँकसमोर स्टूल घेऊन बसलो.

लाइट लागला. पाच मिनिटं काही नाही... मग सुपारीच्या मध्यातून एक गुलाबी टोक बाहेर आलं. मग दुसरं. बघता बघता अख्खं फूल थाळीसारखं पसरलं!

काकीने हात धुऊन हळूच बोट पुढे केलं. गुलाबी टोकं बोटाला चिकटली. "धरलं रं, धरलं मला!" पासष्ट वर्षांची बाई लहान मुलीसारखी ओरडली. कोलंबीचा तुकडा तिच्याच हातून दिला, आणि या वेळी तो आत गेला.

धक्क्यावरून बोटीचा भोंगा वाजला. काकी उठली, रिकामी बादली उचलली आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. पन चाखत जा अधनंमधनं."

आता टँकच्या काचेवर काळ्या टेपची खूण आहे. पाणी तिच्याखाली गेलं की गोडं पाणी घालायचं, आणि दर रविवारी मीटर लावायचं.

वहीत त्या दिवसाची नोंद अशी आहे : फूल पूर्ण उघडलं, रुंदी अकरा सेंटिमीटर. उपचार : मी. निदान : नर्मदाकाकी.