काकांच्या हळदीतले पाच खड्डे

'बायनरी सर्च' शिकवायचा दिवस आला की पोरं आधी खूश असतात. ओळीनं लावलेल्या गोष्टींत हवी ती शोधायची, तर सरळ मधोमध बघायचं, अर्धा भाग बाद करायचा, आणि उरलेल्याच्या परत मधोमध बघायचं. एवढं कुणालाही पटतं. मग मी फळ्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन ही रीत चुकूच शकत नाही याची सिद्धता लिहायला लागते आणि मागच्या बाकांवर जांभया सुरू होतात. मॅडम, हे परीक्षेला येतं का, असं कुणीतरी विचारतंच. हिंगोलीच्या कॉलेजात इतकी वर्षं झाली, दर वर्षी विचारतात आणि दर वर्षी माझं डोकं फिरतं.

सिद्धतेत फार काही नसतं. प्रत्येक पायरीला एकच वाक्य खरं राहिलं पाहिजे, की हरवलेली वस्तू या दोन टोकांच्या मध्येच आहे. ते वाक्य एकदा निसटलं की पुढचा सगळा खटाटोप पाण्यात. मी हे पोरांना घसा ताणून सांगते. मला स्वतःला ते आमच्या काकांच्या रानात कळलं.

दिवाळीच्या सुट्टीत कुरुंद्याकडच्या आमच्या गावी गेले, तर धाकट्या भावाचं तोंड उतरलेलं. आमची आणि काकांची विहीर सामाईक. ती काकांच्या रानात, आमचं रान त्यांच्या पलीकडं. जुनी पाइपलाइन फुटून फुटून बेजार झाली होती, म्हणून भावानं उन्हाळ्याच्या शेवटी काकांच्या रानातून नवी टाकली. काकांनी नुसत्या शब्दावर वाट दिली, वर स्वतः पाइप जोडायलाही बसले. जोडणी संपायला आणि आभाळ यायला एकच गाठ पडली. पाऊस तोंडावर असताना मोटार कोण चालू करून बघतो? माती लोटली, आणि वरून काकांनी हळद लावली. पावसाळाभर रानाला वरूनच पाणी होतं. आता पाऊस जाऊन जमीन तडकायला लागली तेव्हा भावानं मोटार चालू केली, तर आमच्या टोकाला थेंब नाही.

आमच्याही रानात हळदच. या दिवसांत कंद भरतात, आणि नेमकं आताच पाणी तुटलं तर वर्षाची मेहनत गेली म्हणून समजा. पानं सुरळी व्हायला लागली होती. आमच्या टोकाकडून तार घालून झाली, ती बांधाजवळच्या वळणाच्या बेंडातच अडली, पुढं जाईना. लाइन कुठंतरी आतच चोंदली होती, काकांच्या उभ्या हळदीखाली, आणि आमच्याकडं हळद एकदा लागली की काढणीपर्यंत तिच्यात कुणी फावडं घालत नाही. सख्ख्या भावाला सुद्धा विचारायचा धीर होत नाही. माझा भाऊ तर चार दिवस काकांच्या दारापर्यंत जाऊन परत येत होता.

शेवटी मीच विचारलं. काकांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, चार खड्डे खांदा, पाचवा न्हाई.

मला मनातून हर्षच झाला. काकांच्या रानात पाइप होते सोळा. सोळाचे आठ, आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. नेमके चार खड्डे. जणू माझ्या फळ्यावरचंच गणित कुणी जमिनीत गाडून ठेवलं होतं. मी काकांसमोरच भावाला फुशारकीनं सांगितलं की चारात भागतं, तू नुसता खांद, बाकी माझ्यावर सोड.

रीत साधी. पाइप उघडा करायचा, मोटार चालू असताना तापलेल्या सळईनं वरून बारीक भोक पाडायचं. पाणी आलं तर अडकलेला बोळा पुढं, नाही आलं तर मागं. मग भोकावर ट्यूबची पट्टी आवळायची. पहिला खड्डा अगदी मधोमध घेतला. मी बांधावर होते. भावानं खालून आवाज दिला की पाणी हाय. झालं, विहिरीकडचा अर्धा भाग बाद. दुसरा खड्डा उरलेल्याच्या मधोमध, तिथं कोरडं ठाक. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं.

काकू चहा घेऊन आल्या. भाऊ हात धुऊन धुऊन नाकाशी नेत होता. म्हणाला, त्या पहिल्या खड्ड्यातल्या पाण्याचा घाण वास जात न्हाई हाताचा. माझा कप तसाच हातात राहिला. आमच्या विहिरीच्या पाण्याला कसला वास? आम्ही तेच पितो. मी विचारलं, भोक पाडलं तेव्हा मोटार चालू होती ना? तो म्हणाला, व्हय, चालूच होती... मग स्वतःच म्हणाला, न्हाई, तवाच तर लाइट गेली व्हती.

तेव्हा कुठं मला उमगलं. रान मधोमध जरा खोलगट आहे. आमच्याकडचं तोंड पावसाळाभर उघडं पडलेलं, त्यातून पावसाचं पाणी उतरून त्या खोलगट भागात साचून सडत बसलं असणार. पाणी होतं खरं, पण ते विहिरीतून आलेलं नव्हतं. माझं ते एक वाक्य पहिल्याच खड्ड्यात निसटलं होतं आणि मी ऐटीत पुढं खणत सुटले होते. लाइट आल्यावर पहिल्या भोकाची पट्टी सोडली. मोटार धडधडत होती, भोकातून काळपट पाणी दोनदा बुडबुडलं आणि थांबलं. बोळा विहिरीच्या अंगाला होता. आम्ही नको त्या अर्ध्यात काकांची हळद उपटली होती.

आता आठ पाइप उरले. तीन खड्डे पाहिजेत, हातात दोन. भाऊ म्हणाला, ताई, दोनमध्येच बघू, नशीब असलं तर सापडंल. मला त्याचा असा राग आला म्हणता! नशिबावरच सोडायचं तर मी इथं कशाला मरायला आले होते? मी उठून काकांकडं गेले.

"काका, आणखी एक खड्डा लागतो."

"सकाळी तर चारात भागतं म्हणत होतीस."

मी त्यांना काही लपवलं नाही. काय चुकलं ते सांगितलं. मग त्यांच्यासमोर मातीत काठीनं रेघ ओढली. या टोकाला मोटारीचं पाणी येतं, हे डोळ्यांनी पाहिलंय. त्या टोकाला येत नाही, तेही मोटार चालू ठेवून पाहिलंय. मग बोळा जाणार कुठं? मध्येच असणार. प्रत्येक खड्ड्याला मध्यातली जागा घ्यायची, यातलं एक टोक तिथं सरकवायचं, बोळा मध्येच राहतो. आयुष्यात कुणी माझी सिद्धता इतकी कान देऊन ऐकली नव्हती. ऐकणाऱ्याची हळद जाणार होती.

"तिसऱ्यात सापडंलच?"

"सापडेलच."

"घ्या मग. पण मोटारीपाशी मी उभा राहतो. मी सांगितल्याबिगर भोक पाडायचं न्हाई."

आणि खरंच, प्रत्येक भोकाआधी ते विहिरीवरून फोन करून चालू हाय म्हणून सांगायचे. या तिघांतल्या पहिल्यात पाणी नाही. दुसऱ्यात असं उसळलं की भाऊ नखशिखान्त भिजला. तिसऱ्यात परत नाही. एक पाइप उरला, आणि त्याचा एक जोड. काका स्वतः आले आणि करवतीनं त्यांनीच पाइप कापला.

आतून चिखलानं घट्ट झालेला कापडाचा बोळा निघाला. जोडणी अर्धवट राहिली की संध्याकाळी पाइपाच्या तोंडात कापड कोंबतात, उंदीर शिरू नये म्हणून, आणि सकाळी काढतात. त्या सकाळी आभाळ आलेलं, घाई झालेली, कापड काढायचं राहिलं, पुढचा पाइप तसाच दाबून बसवला. काकांनी बोळा पिळला, झटकला, उलगडला. लांबलचक उपरणं, जांभळ्या काठाचं. ते काकूंनीच बोहारणीला देऊन पातेलं घेतलं असा काकांचा वहीम, त्यावरून पावसाळाभर काकूंना बोलणी खावी लागली होती.

आम्ही बहीणभाऊ एकमेकांकडं बघायचं टाळत उभे राहिलो. काका उपरणं हातात घेऊन म्हणाले, "माझंच हाय." मग स्वतःच एवढे हसले, की आम्हालाही हसू आवरेना.

नवा तुकडा बसवून मोटार चालू केली. भाऊ पळत आमच्या टोकाला गेला. थोड्या वेळानं फोन आला, ताई, पाणी आलं, आलं पाणी! मला एकदम रडूच कोसळलं. काकांनी माझ्या हातातून फोन घेतला.

"आधी वास घे," ते म्हणाले, "मग सांग."

पलीकडं भाऊ घटाघटा पाणी पिताना ऐकू आला. मग म्हणाला, काही वास न्हाई, पिऊन बघितलं, आपल्याच विहिरीचं हाय. काकांनी फोन परत दिला आणि ते खड्डे बुजवायला लागले.