टेकडीची ग्रामसभा

समस्त जनतेस कळविण्यात येते की, ज्याच्या आवाजाला चामोर्शीचा आठवडी बाजार दचकतो, तो हा भोंगेवाला भामरागडकडच्या एका ग्रामसभेत चळचळा कापला होता.

सभा गावची टेकडी खाणीला देण्याची होती. कडेने बंदूकधारी जवान उभे होते. शेजारच्या गावात विरोध करणाऱ्या दोघांना चौकशीला नेलंय, हे मी भोंगा बांधतानाच ऐकलं होतं. तालुक्याहून सभा घ्यायला आलेले साहेब म्हणाले, "सरपंचांनी सही केली आहे, म्हणजे गावाची संमती आहे. कोणाला काही बोलायचंय?"

सरपंच स्वतःच्या चपला बघत बसलेला.

पुढच्या रांगेत पन्नाशीची एक बाई पळसाच्या पानांचे द्रोण टाचत होती. काडी पानाऐवजी बोटात घुसत होती, तरी हात थांबत नव्हते. मग तिनं ओटीतली पानं नीट खाली ठेवली आणि ती माइकपाशी आली. तिचं नाव मी विचारलं नाही. विचारलं असतं, तर कुणीतरी लिहून घेतलं असतं.

मी कुजबुजलो, "बाई, माइक बंद करू काय? बिघडला म्हणून सांगतो."

तिनं मान हलवून नको म्हटलं. आधी भोंग्यातून तिचा थरथरता श्वासच गावभर ऐकू गेला. इतकं घाबरूनही माणूस उभा राहू शकतो, हे मला तेव्हा कळलं. मग ती एका दमात ओरडली,

"साहेब, सरपंचाले आमी नळाले पानी आणाले निवडलं! टेकडी देऊन टाकाले कोणी सांगतलं त्याले?"