चाटून पाहिलेली हातकुऱ्हाड

शिकवणं कमी झालं की किस्से वाढतात. आमच्या सौंसरच्या कॉलेजात यंदा त्यांचं पीक संत्र्यापेक्षाही बरं आलंय, आणि बियाणं एकच: कोरडे सरांचा दगड.

कोरडे सर इतिहासाचे. येत्या उन्हाळ्यात रिटायर होतात. सगळी नोकरी दुसऱ्यांचे शोध शिकवण्यात गेली, स्वतःच्या नावावर साधं खापरसुद्धा नाही. रामाकोना गावाजवळ कौसल्याबाईंच्या संत्र्याच्या बागेत स्टाफची पार्टी होती. सर विहिरीवर हात धुवायला गेले ते रुमालात दगड बांधूनच परतले. अश्मयुगातली हातकुऱ्हाड! आणि तिच्या पोटात वळसेदार जीवाश्म. कोणाला विचारायचं वगैरे त्यांच्या मनातही आलं नाही. पानातले रोडगे तसेच राहिले.

*

दगड ओला केला की जीवाश्म उठून दिसतो. त्यासाठी माणूस पाणी वापरेल. सर जीभ वापरतात. स्टाफरूममध्ये जो येईल त्याच्यासमोर दगड चाटायचा आणि पुढे करायचा. "तुम्हीही पाहा."

प्राचार्यांनी हात जोडले. "आज चतुर्थी हाये माही. उपासाले दगड चालते का, घरी विचारून सांगतो."

*

मग ओळख परेड झाली. प्राणिशास्त्रवाले म्हणाले, गोगलगाय. वनस्पतिशास्त्राच्या ढोके मॅडम म्हणाल्या, फळ. दोघांचा आवाज इतका चढला की वर्गातली पोरं बाहेर येऊन ऐकू लागली. वर्षभरात एवढी हजेरी दोघांनाही मिळाली नव्हती.

प्रकरण प्राचार्यांकडे गेलं. कॉलेजच्या तपासणीला समिती यायची होती, त्यामुळे निकाल लगेच लागला. "समिती जाईपर्यंत दगडाच्या चिठ्ठीवर दोन्ही नावं लिहा. विभाग दोन हायेत, कोनाले काहून नाराज करता?"

*

ढोके मॅडमचा उपाय सरळ होता. दगड मधोमध कापायचा, पातळ चकती काढायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायची. सरांचा चेहरा उतरला.

"ओळख पटवाले कोनी कापते काय, मॅडम?"

"मेल्यावर कापतातच ना, सर."

त्या दिवसापासून सर दगड डब्याच्या पिशवीत घालून घरी नेऊ लागले. आम्ही भरपूर हसलो. पण खरं सांगतो, मला वाईटही वाटलं. जन्मात एक गोष्ट त्यांच्या नावावर लागणार होती, तीही अर्धी व्हायची वेळ आली होती.

*

शेवटी नागपूरहून एक तज्ज्ञ बोलावले. कापायचं की नाही, ते ठरवणार होते. बागेच्या मालकीण म्हणून कौसल्याबाईंचाही शाल-श्रीफळ देऊन सत्कार ठेवला होता.

पाहुण्यांनी भिंग लावलं, समाधान झालं नाही, तेव्हा दगड चाटला. दोन्ही बाजूंनी, चांगला सावकाश. म्हणाले, गोगलगायच आहे, आणि एवढं स्पष्ट दिसत असताना कापायची काही गरज नाही. मग त्यांनी दगडाची कड उजेडात धरली. "ही झिलई पाहा. इथे वर्षानुवर्षं कातडं घासलेलं आहे. असा पुरावा नशिबानेच मिळतो."

कोरडे सरांचे डोळे भरून आले. त्यांनी ती कड कपाळाला लावली, मग ओठांना. ढोके मॅडमनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

शाल सावरत कौसल्याबाई पुढे आल्या आणि दगड हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"बरोबर बोलले साहेब. माह्या सासूपासून आमच्या घरच्या साऱ्या बाया याच दगडानं टाचा घासून राहिल्या. विहिरीवरून गेला तवापासून धुंडून राहिली मी."