जेवलात का?

जुन्नरच्या पेठेतला आमचा फोटोवाला गावभर लोकांचे पासपोर्टचे फोटो काढतो, स्वतःचा पासपोर्ट मात्र त्याने अजून काढलेला नाही. कॅमेऱ्यापुढे ताठ बसलेल्या प्रत्येकाला तो विचारतो, "जेवलात का?" उत्तर देऊन माणूस जरा सैलावला, की बटण दाबतो.

व्हिएतनामहून आल्यावर मी ऐटीत तिथल्या माणसांचे फोटो त्याला दाखवले. सवयीप्रमाणे एक डोळा मिटून त्याने ते पाहिले.

"लई लांबून काढलेत, राव. चोरल्यावानी. कुणाशी बोलला न्हाई का?"

"त्यांची भाषा कुठं येते मला?"

"मग आपली बोलायची!"

मला रागच आला. तरी यंदा बालीत, रस्त्याकडेला कणसं भाजणाऱ्या एका आजींना मी सरळ मराठीत विचारलं, "आजी, जेवलात का?" वर हाताने घासाची खूणही केली. आजी खळखळून हसल्या आणि मला हवा तो फोटो मिळाला.

परत आल्यावर फोटोवाल्याने तो मोठा करून दुकानाच्या काचेत लावला, थेट नवरानवरींच्या फोटोंच्या मधोमध.

"जेवल्या व्हत्या का?"

"कुणास ठाऊक! त्यांना वाटलं, मीच उपाशी आहे. घरी नेऊन पोटभर वाढलं."

तेव्हा कुठे त्याने दोन्ही डोळे उघडून आजींकडे पाहिलं.