पितांबर डॉक्टर आणि सुगनबाईंचा घोट

तर सुगनबाईंनी पाण्याचा पेला तोंडाला लावला, एक घोट घेतला, आणि तो खाली उतरेपर्यंत छातीच्या हाडावर मूठ दाबून डोळे घट्ट मिटून बसल्या, इथवर आपण काल येऊन थांबलो होतो. पितांबर डॉक्टर समोरच स्टुलावर बसलेले. त्यांनी ते पाहिलं आणि मान दुसरीकडं वळवली. पाहून न पाहिल्यासारखं का केलं, हे कळायचं तर आधी वना नावाच्या एका पेशंटची हकीकत ऐकावी लागेल.

पितांबर डॉक्टर अमळनेरजवळच्या एका खेड्यातले, शेतकऱ्याचा मुलगा. दवाखाना भर बाजारात. दोन बाकं, एक हिरवा पडदा आणि मिक्श्चरच्या बाटल्या हलवणारा छगन कंपाउंडर. डॉक्टर मोठे बोलके. माणूस आला की आधी त्याच्या बैलाची तब्येत विचारणार, मग त्याची. पेशंटपेक्षा हसायला येणारेच जास्त, असं छगन म्हणायचा.

एका हिवाळ्यात वना आला. पोटाच्या वरच्या अंगाला हात ठेवून म्हणाला, “भाऊ, भरीत जास्तच झायं. आठे जळस.” डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, भरितावरून त्याची थट्टा केली, पांढऱ्या मिक्श्चरची बाटली दिली आणि पाठीवर थाप मारून घरी पाठवलं. वना घरी गेला, अंगणात बाजेवर बसला, तो तिथंच कलंडला.

त्याचा भाऊ हिलाल दहाव्यानंतर दवाखान्यात आला. भांडायला नव्हता आला, म्हणून तर ते जास्त लागलं. तो एवढंच म्हणाला, “वावरमा जातांना तो वाटमाच बशी जाये, भाऊ. छातीले धरे, मंग उठे. तुम्ही ते इचारंच नही.”

त्या दिवसापासून डॉक्टरांची बडबड बंद झाली. छातीचा ‘छ’ निघाला की ते पुढचं ऐकतच नसत. मग तो करपट ढेकर असो नाहीतर कुस्तीत मुरगळलेली बरगडी असो, “धुळ्याला जा, कार्डिओग्राम काढून या,” एवढंच तोंडातून निघायचं. छगन एकदा म्हणाला, “डॉक्टर, आता उचकी लागली तरी धुळ्याचीच यष्टी का?” बाकावरचे हसले. डॉक्टर हसले नाहीत.

हे असं चाललेलं असताना, साल चौऱ्याहत्तर, नेमीचंदच्या आईचं, म्हणजे सुगनबाईंचं दुखणं दारात आलं. नेमीचंदचा सरकी-पेंडीचा धंदा, वडील वारलेले, आणि घर सगळं आईच्या शब्दावर चालणारं. सुगनबाईंच्या पाठीवर गळू झालं होतं. डॉक्टरांनी ते फोडलं आणि कॅपसूल लिहून दिल्या, सकाळी एक आणि रात्री झोपताना एक. गळू छान बसलं. पण ते बसतं न बसतं तोच नेमीचंद धावत आला, “डॉक्टर, बाईच्या छातीत कळ येते.”

मग काय, धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी आलेख पाहिला, म्हणाले, “यात दोष दिसत नाही. वय आहे, जपा.” पितांबर डॉक्टरांच्या कानात फक्त ‘जपा’ शिरलं. जिना बंद, स्वयंपाक बंद, दिवसभर आडवं पडून राहायचं. रात्री झोपताना दोन गोळ्या, एक हृदयासाठी, एक झोपेची. एवढी काळजी घेऊन बाई सुधाराव्यात की नाही? त्या जास्तच खचल्या. आधी पोळी सुटली, मग खिचडी, मग पातळ वरणही उतरेना. चेहरा सुकून हाडाला लागला.

सुगनबाई धर्माच्या पक्क्या. त्या चातुर्मासात गावात महासतीजी, म्हणजे जैन साध्वी, मुक्कामाला होत्या. बाईंनी त्यांना निरोप पाठवला, की आता देह काही साथ देत नाही, अन्न उतरत नाही, मला संथारा द्या. संथारा म्हणजे शांत मनानं अन्नपाणी सोडून देह ठेवायचा. ती काही रागारुसव्यानं किंवा घाईनं करायची गोष्ट नव्हे. महासतीजींनी उलट विचारलं, “डॉक्टर काय म्हणतात? इलाज असेल तर संथारा नाही.”

म्हणून बाईंचे थोरले दीर भिकमचंद दवाखान्यात आले. पागोटं मांडीवर ठेवून बसले.

“डॉक्टर, हृदय बरं होणार आहे का?”

“हृदयाचं कोण सांगणार, भाऊ?”

“मग नाही होणार, असं सांगू?”

स्वतःच्या जिवाला जपण्यासाठी इतके दिवस डॉक्टर ‘हृदय, हृदय’ म्हणत आले होते. आज त्या एका शब्दावर एका जित्याजागत्या बाईचं अन्नपाणी थांबणार होतं. “संध्याकाळी घरी येतो, तोवर कुणी काही बोलू नका,” असं म्हणून त्यांनी भिकमचंदांना वाटेला लावलं आणि पडद्याआड जाऊन बसून राहिले.

तीच ती संध्याकाळ. ऊन अंगणाच्या भिंतीवर चढलेलं, आणि सून चंद्रकांता सासूला दिवसाचं शेवटचं पाणी पाजत होती. तो घोट आणि ती छातीवरची मूठ पाहून डॉक्टरांनी मान वळवली, कारण घोटाचं दुखणं म्हणजे अन्ननळीचं दुखणं, हे त्यांना लख्ख दिसलं, आणि दिसल्याबरोबर वना आठवला. पुन्हा पोट म्हणायचं? पुन्हा चुकलो तर?

पण या वेळी मान त्यांनीच परत वळवली.

“सुगनबाई, जिना चढताना दुखायचं का?”

“जिना तुम्हीच बंद केला ना.”

“त्याच्या आधी. कळ सुरू झाली तेव्हा.”

“तेव्हा काही नाही. पापडाचे डबे मीच माळ्यावर नेले. ही म्हणत होती, मी नेते. हिच्यानं काय होतंय?”

चंद्रकांतानं खाली मान घालून पदर सारखा केला.

“घाम? हातात कळ उतरते? धाप?”

“नाही.”

“आणि गिळताना?”

“दर घोटाला. गरम चहा तर निखारा. आडवी पडले की पाठीपर्यंत जातं.”

“हे मला आधी का नाही सांगितलंत?”

“पहिल्याच दिवशी सांगितलं. तुम्ही कानात नळ्या घालून बसला होता.”

तेवढ्यात भिंतीवरचं ऊन गेलं. चंद्रकांतानं पेला उचलून आत नेला आणि छोट्या वाटीत दोन गोळ्या आणून ठेवल्या. सुगनबाईंनी त्या एकामागून एक जिभेवर टाकल्या, मान वर करून दोनदा आवंढा गिळला आणि आडव्या व्हायला लागल्या.

“थांबा. पाणी कुठंय?” डॉक्टर उठून उभे राहिले.

“दिवस मावळला ना, डॉक्टर,” नेमीचंद म्हणाला.

“मग गोळी कशी चालते?”

सुगनबाईंनी त्यांच्याकडं अडाण्याकडं पाहावं तसं पाहिलं. “गोळी तुमचा हुकूम, तो मोडायचा नाही. पाणी माझं व्रत, तेही मोडायचं नाही. थुंकीबरोबर उतरते ती, सावकाश. ती कॅपसूल मात्र रात्रभर इथंच बसायची.” आणि बोट बरोबर छातीच्या हाडावर ठेवलं.

डॉक्टर पुन्हा स्टुलावर बसले. दिवस मावळल्यावर या घरात पाण्याचा थेंब घेत नाहीत, हे त्यांना लहानपणापासून ठाऊक. या घरच्या लग्नाच्या पंगतीत ते उन्हं असतानाच जेवले होते. तरी ‘झोपताना’ असं लिहिताना हात अडला नव्हता. ओल्या भांड्याला कागद चिकटावा तशी ती कॅपसूल नळीला चिकटली असणार. तिनं तिथं जखम केली. त्या जखमेला त्यांनी हृदय ठरवलं आणि वर रोज कोरड्या गोळ्यांचा रतीब लावला, वर निजवूनही ठेवलं. बाई त्यांच्याच औषधानं झिजत होत्या.

त्यांनी बाईंना उठवून भिंतीला टेकवून बसवलं. रात्रीच्या गोळ्या त्याच क्षणी बंद केल्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवायला सांगितल्या, आणि उजेड असेपर्यंत थोडं थोडं गार दूध आणि मिक्श्चर. दवाखान्यात छगननं तीच पांढरी बाटली हलवून पुढं केली, तेव्हा डॉक्टरांनी ती बराच वेळ हातात धरली. छगननं त्या दिवशी थट्टा केली नाही.

पुढचे काही दिवस डॉक्टरांचे वाईट गेले. सकाळी नेमीचंदच्या आळीत शिरताना रडण्याचा आवाज येतो का, हे आधी ऐकायचे, मग पाऊल टाकायचे. रोज नाडी, रोज तेच प्रश्न. आपण वाचवतोय की पुन्हा मारतोय, हे त्यांना एकाही रात्री कळलं नाही. पहिल्यांदा दूध मुठीशिवाय उतरलं. मग भाताची पेज. एका सकाळी ते गेले तर सुगनबाई चुलीजवळ पाटावर बसून मऊ खिचडी खात होत्या आणि मीठ कमी पडलं म्हणून सुनेला बोलत होत्या. चंद्रकांता ते बोलणं ऐकून पदरात डोळे पुसत होती.

बाहेर ओट्यावर भिकमचंद थांबले होते. “डॉक्टर, महासतीजींना काय सांगू? हृदयाचं काही नाही, असं तुमच्या शब्दावर सांगून टाकू?”

पितांबर डॉक्टरांनी चपला घातल्या, पण पायरी उतरले नाहीत. म्हणाले, “कुणाचंही हृदय पक्कं आहे असं मी आता जन्मात सांगणार नाही, भाऊ, पण त्यांना दुखत होतं ते माझ्या गोळीनं, आणि माझ्या गोळीपायी कुणी देह ठेवायचा नाही, एवढं माझं नाव घेऊन सांगा.”